गच्चीच्या काठावर

डोळ्यांवर हेडसेट चढवला की तुम्ही एका उंच इमारतीच्या गच्चीवर, अगदी काठाशी उभे असता. कठडा नाही. खूप खाली रस्ता. दोन्ही बाजूंना एकेक माणूस. दोघेही प्रेमाने हसतायत आणि सांगतायत, ‘काही होत नाही, उजवा पाय पुढे टाका.’ तुम्ही मागे सरता, तर ते आणखी गोड आवाजात तेच सांगतात. मग चित्र पालटतं. गच्ची नसतेच. वृद्धांना डे केअरला नेणारी गाडी असते आणि मदतनीस तुम्हाला गाडीतून खाली उतरवत असतात. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना खोलीचा आणि अंतराचा अंदाज येत नाही. वीतभर पायरीखाली त्यांना दरी दिसू शकते.

हा अनुभव जपानच्या सिल्व्हरवूड या कंपनीने तयार केला. कंपनी मुळात पोलादी चौकटीची बांधकामं करणारी. त्यातून ती वृद्धांसाठी घरं बांधू लागली आणि पुढे ‘गिनमोकुसेई’ या नावाने स्वतःच ती चालवू लागली. कंपनीचे प्रमुख शिमोगावारा तादामिची यांनी 2016 च्या सुमारास हे व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, लोकांपुढे आणलं. मी जपानी भाषेची दुभाषी आहे. कामानिमित्त टोकियोत असताना अशा एका शिबिराला बसले आणि तेव्हापासून हे पुण्यात आणावं असं माझ्या मनाने घेतलं आहे.

माझ्या आत्याचा याला विरोध आहे, आणि तो ऐकून सोडून देण्यासारखा नाही. आतोबांचा स्मृतिभ्रंश तिने शेवटपर्यंत निभावला. आज ती अशा घरांतल्या माणसांची दर शनिवारी बैठक घेते. आमचं बोलणं बरेच दिवस चाललं आहे. त्यातला कामाचा भाग इथे देते.

आत्या : तू ते गच्चीचं सांगितलंस तेव्हा काटा आला अंगावर. पण नंतर रागच आला.

मी : राग कशाचा?

आत्या : आतोबांना लिफ्टमध्ये न्यायचं म्हणजे काय व्हायचं ते तू पाहिलं आहेस. दारापाशी आले की दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवायचे. मी पुढून ओढतेय, वॉचमन मागून ढकलतोय, वरच्या मजल्यावरून ‘दार लावा’ म्हणून ओरडा चाललाय. एकदा त्यांनी वॉचमनच्या तोंडावर मारलं. झालं, सोसायटीभर ‘ते मारतात’ अशी कीर्ती. लिफ्टसमोर काळं पायपुसणं होतं. त्यांना तिथे खड्डा दिसत होता, हे मला फार उशिरा उमगलं. ते पायपुसणं उचललं आणि आपणहून चालत आत गेले. मला हे कळायला यंत्र नाही लागलं. त्यांची नजर कुठे खिळते ते बघत बसले, एवढंच.

मी : पण फार उशिरा, असं तूच म्हणतेस. आणि तू चोवीस तास त्यांच्याबरोबर होतीस. वॉचमनच्या वाट्याला ते दिवसातून पाच मिनिटं यायचे. एवढ्यात त्याने काय बघावं आणि काय ओळखावं?

आत्या : त्याला एक वाक्य पुरे होतं. ओढू नका, थांबा, ते कुठे बघतायत ते बघा.

मी : सांगून पाहिलंस की.

आत्या : सांगितलं. मान डोलावली त्याने. रात्रपाळीचा आला, तर पुन्हा तेच.

मी : मग? सांगितलेलं विसरतं माणूस. त्या गच्चीवरून मला कुणी पाऊल टाकायला लावलं, ते मी विसरणार नाही.

आत्या : थांब. आमच्या बैठकीला मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई येतात. त्यांनी मला एक प्रयोग सांगितला. एरिएल सिल्व्हरमन नावाच्या अमेरिकी संशोधक आहेत, स्वतः अंध. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोळस माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वावरायला लावलं आणि मग विचारलं, अंध माणसं नोकरी करू शकतील का, एकटी राहू शकतील का? 2015 साली त्याचा लेख आला. पट्टी बांधलेल्यांचं मत उलट खाली गेलं. कारण त्यांनी आंधळेपणाची पहिली दहा मिनिटं भोगली, वर्षांची सवय भोगलीच नाही. डिमेन्शियाचंही तसंच आहे गं. निदानानंतर माणसं कितीतरी वर्षं भाजी निवडतात, पेटी वाजवतात, नातवाला शाळेतून आणतात. शनिवारी एक आजी येतात, त्यांना सही जमत नाही, पण त्यांच्यासारख्या घडीच्या पोळ्या मला आजही येत नाहीत. तुझ्या हेडसेटमधून माणूस बाहेर येणार तो ‘बिचारे, यांना काहीच येत नाही’ म्हणत.

या प्रयोगाने मी काही काळ गप्प झाले होते. तो खरा आहे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून ‘जाणीवजागृती’ करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. पण टोकियोतल्या त्या खोलीत मी जे ऐकलं ते याच्याशी जुळेना. हेडसेट उतरवल्यावर आजाराबद्दल फारसं कुणी बोललंच नाही. लोक बोलत होते ते त्या दोन हसऱ्या माणसांबद्दल. माझ्या शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, ‘मी आईशी अगदी असंच हसून बोलतो.’ मला वाटतं, खरी गोष्ट इथे आहे.

मी : पट्टी बांधली की फक्त अंधार दिसतो, आत्या. त्यात दुसरं माणूस नाही. या गच्चीवर दोन माणसं आहेत, आणि ती आपण आहोत. चांगली, मायाळू, घाईत असलेली आपण. आजार दाखवायला हे यंत्र फारसं कामाचं नाही. आजारी माणसाच्या जागेवरून आपण कसे दिसतो, ते दाखवायला आहे. वॉचमन मागून ढकलत होता तेव्हा तो आतोबांना कसा दिसत असेल? आणि पुढून ओढणारी तू?

आत्या : (बऱ्याच वेळाने) ते मला आणखी कुणी दाखवायची गरज नाही.

मी : तुला नाही. तुला म्हणून नाही म्हटलं मी.

आत्या : बरं, पुढे बोल. पण एक लक्षात ठेव. आतोबा रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, पिशवी भरून दारात उभे राहायचे. ‘चला, घरी जाऊ या.’ स्वतःच्या घरात उभे राहून. मी आधी समजावायची, मग चिडायची, शेवटी शिकले, त्यांच्याबरोबर चप्पल घालून खाली चक्कर मारून यायला. हे तुझ्या हेडसेटमध्ये कसं येणार? ज्याने तो घातलाय त्याला स्वतःचं नाव माहीत आहे, घर माहीत आहे, आणि हे थोड्या वेळात संपणार आहे हेही माहीत आहे. यातलं काहीच ज्याच्यापाशी उरलं नाही, त्याचं काय कळणार तुला?

मी : ते नाही कळणार. विसरणं दाखवता येत नाही, हे मला मान्य आहे. डोळ्यांना आणि कानांना होणारा गोंधळ दाखवता येतो. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी प्रकारात नसलेलं दिसतं, म्हणजे कोपऱ्यात माणूस उभा दिसतो, ते दाखवता येतं. अमेरिकेत ख्रिस मिल्क नावाच्या दिग्दर्शकाने 2015 साली व्हीआरला सहानुभूतीचं यंत्र म्हटलं होतं. मी तसं म्हणणार नाही.

आत्या : लेवी बॉडीचं तुला सांगते. बैठकीतल्या एका घरात आजींना खोलीत लहान मुलं दिसायची. नीट कपडे घातलेली, गप्प बसलेली. घरच्यांनी आधी रागावून पाहिलं, मग अंगारा. मग कुणीतरी भ्रमावरचं जोरदार औषध दिलं आणि त्या लाकडासारख्या ताठ झाल्या. लेवी बॉडीच्या माणसाला ती औषधं भयंकर बाधू शकतात. आणि आजी काय म्हणायच्या? ‘पोरं काही त्रास देत नाहीत, त्यांना जेवायला द्या म्हणजे झालं.’ त्रास कुणाला होत होता मग?

मी : सिल्व्हरवूडचा एक चित्रपट नेमका याच प्रकारावर आहे, आणि तो हिगुची नाओमी यांच्या देखरेखीखाली झाला. त्या लेखिका आहेत, त्यांना स्वतःला लेवी बॉडीचा आजार आहे. आधी त्यांच्यावर नैराश्य समजून उपचार झाले होते. पन्नाशीला खरं निदान झालं. त्यात काय दिसावं, ते दिसतं तसंच आहे का, हे ज्यांना दिसतं त्यांनीच पाहिलं.

आत्या : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

मी : तू राग आल्याचं सांगत होतीस.

आत्या : मला वाटलं, चार इंजिनिअरांनी बसून कल्पनेने बनवलंय. बरं. पण मग मला तुझ्या हिगुचीबाईच आण. हेडसेट कशाला? समोर माणूस बसवून ऐकता येतं की.

मी : तेही जपानमध्ये होतं. सेंदाईचे तान्नो तोमोफुमी गाड्या विकायचे. 2013 साली, वयाच्या 39 व्या वर्षी अल्झायमर. ते जाहीरपणे बोलायला लागले, नव्याने निदान झालेल्यांना भेटायला लागले. प्रवासात ते आपल्याजवळ कार्ड ठेवतात, मला अल्झायमर आहे, मला अमुक ठिकाणी जायचंय. वाट चुकली की ते दाखवायचं. व्हीआरमध्ये एक आगगाडीचं दृश्य आहे, त्यात तुम्ही डब्यात जागे होता आणि कुठे उतरायचं ते आठवत नाही. लोक घाईने येतात-जातात. विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून? तान्नोंचं कार्ड पाहणाऱ्याने ते दृश्य एकदा पाहिलेलं असेल, तर तो घाईत असूनही थांबेल, असं मला वाटतं.

आत्या : ‘अस्तु’ सिनेमा पाहिलास ना तू? भावे-सुकथनकरांचा.

मी : पाहिलाय. मोहन आगाशे.

आत्या : संस्कृतचे एवढे मोठे पंडित, हत्तीच्या मागे चालत निघून जातात. सांभाळतं कोण? माहुताची बायको. तिला ना आजाराचं नाव माहीत, ना त्यांची विद्वत्ता. लेकरासारखं घेते पदरात. तिला कुणी हेडसेट लावला होता?

या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. अमृता सुभाषने उभी केलेली ती बाई मराठी माणसाच्या मनातून जात नाही. पण नंतर विचार करता वाटलं, आपण तिच्यावर सगळं सोडतो. एखादी भली बाई भेटेल आणि आपल्या माणसाला सांभाळून घेईल, या भरवशावर शहर चालत नाही. भारतात साठीच्या पुढच्या माणसांमध्ये 7.4 टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या कितीजणांना निदानच मिळालेलं नाही. घरात त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि दाराला बाहेरून कडी लावतात.

मी : ती सगळीकडे भेटत नाही, आत्या. जपानमध्ये ओबू नावाचं गाव आहे. तिथे 2007 साली 91 वर्षांचे एक आजोबा घरातून बाहेर पडले आणि रेल्वेखाली गेले. त्यांना स्मृतिभ्रंश होता. 85 वर्षांची बायको सोबत होती. तिचा जरा डोळा लागला, तेवढ्यात ते निघाले. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावर दावा लावला. खालच्या कोर्टाने 2013 साली सुमारे 72 लाख येन भरा म्हणून सांगितलं. पुढच्या कोर्टाने रक्कम निम्मी केली, पण ती त्या आजीने भरायची होती.

आत्या : डोळा लागला म्हणून?

मी : हो.

आत्या : (खुर्चीतून उठून उभी राहिली) मी रात्री बांगड्यांना दोरी बांधून दुसरं टोक त्यांच्या मनगटाला बांधायची. ते उठले की मला जाग यावी म्हणून. तरी दोनदा सुटले. रिक्षावाल्याने आणून सोडलं एकदा, आणि मला म्हणाला, ‘लक्ष ठेवत जा जरा.’

मी : सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये तो निकाल फिरवला. बायको किंवा मुलगा कायद्याने जबाबदार नाहीत, असं सांगितलं. पुढे यामातो नावाच्या नगरपालिकेने अशा अपघातांसाठी आपल्या खर्चाने विमाच काढला.

आत्या : बघ. हे कोर्टाने केलं, नगरपालिकेने केलं. माणसांचा हंबरडा ऐकून केलं. हेडसेटने नाही केलं.

मी : पण कोर्टाच्या आतबाहेरचा समाज बदलत होता ना. 2005 पासून जपानमध्ये साध्या माणसांना दीड तासाचं शिक्षण देतात. दुकानदार, बँकेतले, शाळेतली मुलं. मनगटात नारिंगी पट्टा द्यायचे. कोटीच्या वर माणसांनी ते घेतलंय. तरीही 2023 मध्ये तिथे स्मृतिभ्रंशाची 19 हजारांहून जास्त माणसं हरवल्याची नोंद झाली. म्हणजे पट्ट्याने सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण आपल्या रिक्षावाल्याने तो दीड तास दिला असता, तर त्याने तुला ‘लक्ष ठेवत जा’ म्हटलं नसतं, एवढं मी म्हणते.

आत्या : रिक्षावाल्यावर माझा राग नाही. त्याने आणून तरी सोडलं.

मी : गणपतीत मंडळाला विचारलंय मी. मांडवाच्या शेजारी स्टॉल टाकू देतो म्हणालेत. हजारो माणसं येतात तिथे.

आत्या : नाही. हे मात्र नाही. देखावे बघायला निघालेली गर्दी, हातात भेळ, कडेवर पोरं. रांगेत उभं राहून पाच मिनिटं आतोबा व्हायचं, ‘भारी होतं रे’ म्हणायचं आणि पुढच्या मांडवाला जायचं. ते माझ्याच्याने बघवणार नाही.

मी : त्यांतल्या दहा जणांच्या घरी असं माणूस असेल.

आत्या : त्या दहा जणांना रांगेतच रडू येईल, आणि त्यांच्याशी बोलायला तिथे कोण असणार? तू? ढोल वाजत असताना? गोव्यात काय केलं ते तुला सांगते. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली 81 कुटुंबं घेतली. 2008 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थानिक माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. ती बसायची, आजार काय ते सांगायची, आजारी माणूस असं का वागतो ते समजावायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरंच कमी झाला. कुणाच्या डोक्यावर काही चढवावं लागलं नाही. घरी जाऊन बसणं, हेच यंत्र.

मी : मग त्या माणसांच्या पिशवीत हेडसेट का असू नये? घरातला मुलगा ऐकत नाही, बाप मुद्दाम करतोय म्हणतो. त्याला एकदा गच्चीवर उभा करायचा, आणि मग तिथेच, त्याच्या घरात, तासभर बसायचं.

आत्या : (विचार करून) त्या मुलाला चालेल. असे मुलगे मला माहीत आहेत. ‘नाटकं करतो म्हातारा’ म्हणणारे. रोज सांगून थकले मी त्यांना.

इथे आमचं बोलणं पहिल्यांदा एका वाटेला लागलं. मंडळाचा प्रश्न सुटला असं नाही. मला अजूनही वाटतं की गर्दीत जाऊन काही सांगण्याची धमक आपण ठेवली पाहिजे. बंद दारांआड अर्धं शहर हा आजार भोगतंय आणि आपण तो बैठकीच्या खोलीतच ठेवला, तर उरलेल्या अर्ध्याला तो कळणार कधी? पण ‘पाच मिनिटं आतोबा व्हायचं’ हे तिचं वाक्य मला झोंबलं आहे, आणि त्याला खरं उत्तर सापडेपर्यंत मी मांडवात जाणार नाही.

आत्या : करायचंच असेल तर नर्सिंग ब्युरोच्या मावश्यांपासून कर. बारा-बारा तास एकट्या असतात त्या माणसाबरोबर. अंघोळ घाला, डायपर बदला, भरवा, एवढं सांगून पाठवतात त्यांना. ते अंघोळीला का घाबरतात, अंगावर पाणी पडलं की का ओरडतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. मग त्या ओढतात. त्यांचा काय दोष? आणि ज्या दिवशी बोलावशील त्या दिवसाचा त्यांचा रोज बुडता कामा नये.

मी : तो मी उभा करते. आणि वॉचमन?

आत्या : दोन्ही पाळ्यांचे. नुसत्या दिवसपाळीचा बोलावलास तर काही उपयोग नाही.

मी : ठरलं.

आत्या : अजून ठरलं नाही. बघून झाल्यावर निदान तासभर बोलायचं. आणि ते बोलणं आजार असलेल्या माणसाने सुरू करायचं. शनिवारच्या बैठकीत एक निवृत्त सर आहेत, सुरुवातीची अवस्था आहे, छान बोलतात. त्यांनी आधी ती चित्रफीत बघायची आणि आम्हाला सांगायचं, यातलं किती खरं आणि किती खोटं. आणि स्वतःला अजून काय काय येतं तेही सांगायचं. ते आधी, मग बाकी सगळं.

मी : त्यांना त्या दिवशी बोलावंसं वाटलं नाही तर?

आत्या : तर पुढच्या शनिवारी.

मी : मावश्या आलेल्या असतील, वॉचमन आलेले असतील.

आत्या : त्यांना चहा द्यायचा, रोज द्यायचा, पुढच्या शनिवारी या म्हणायचं.

मी : हेडसेट भाड्याचे असतील, आत्या.

आत्या : मग भाडं दोनदा भर.